गाव करी ते राव ना करी

बालाघाटाच्या पठारावर वसलेले उदगीर हे लातूर जिल्ह्यातील एक जुने शहर आहे. १७६० साली उदगीरच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि या गावाचे नाव इतिहासात कायमचे नोंदले गेले. येथील भुईकोट किल्ल्याचे भक्कम तट आजही पाहावयास मिळतात. ते तट राजांच्या व सरदारांच्या आज्ञेने उभे राहिले. सामान्य प्रजेला त्यात कोणी मत विचारले नाही.

आज गावाचे शत्रू निराळे आहेत. पाण्याची टंचाई, कचरा आणि रोगराई हे ते शत्रू होत. तट बांधून ते दूर राहत नाहीत. त्यांच्याशी लढण्याचे काम लोकांनी निवडून दिलेल्या नगरपरिषदेकडे असते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. पाणी पुरवणे, रस्ते व गटारे राखणे, दिवाबत्ती करणे आणि कचरा उचलणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. त्यासाठी लागणारा पैसा घरपट्टी, पाणीपट्टी व शासनाचे अनुदान यांतून मिळतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? कर थकले, की तिजोरीचा आड कोरडा पडतो आणि कामे रखडतात.

परंतु केवळ पैशाने काम टिकते असेही नाही. समजा, एखाद्या पेठेत जुनी बारव आहे. तिच्यात गाळ साचला आहे आणि लोक तीत कचरा टाकू लागले आहेत. नगरपरिषदेने मजूर लावून ती एकदा उपसली, तरी कचरा टाकण्याची सवय सुटली नाही तर दोन वर्षांत बारव पुन्हा बुजेल. उलट, पेठेतील लोकांनी श्रमदानाचा निश्चय केला, तरी गाळ वाहून नेण्यास वाहन, पडलेला कठडा बांधण्यास गवंडी आणि पाणी तपासण्याची सोय त्यांनी कोठून आणावी? येथे दोघांचे हात लागले पाहिजेत. नगरपरिषदेने साधने व जाणकार माणसे द्यावीत. लोकांनी श्रम द्यावेत आणि पुढे राखणही करावी. ज्या पायऱ्या आपण स्वतः घासून काढल्या, त्यांवर कचरा टाकण्यास कोणाचाही हात सहसा धजत नाही.

अशा एकजुटीची गरज किती मोठी आहे, हे या जिल्ह्याने २०१६ साली अनुभवले. त्या वर्षीच्या दुष्काळात लातूर शहराला पाणी देणे अशक्य झाले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. संकट तात्पुरते टळले. पण दूरच्या पाण्यावर कायम विसंबून राहता येणार नाही, हे लोकांनी ओळखले. लातूरकरांनी लोकवर्गणी जमवली आणि मांजरा नदीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले.

या विचाराची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. संत गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावात शिरत. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करीत. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावाने आधी स्वतःच्या श्रमाने स्वच्छता करावयाची आणि तपासणीत उत्तम ठरल्यास बक्षीस मिळवावयाचे, अशी रीत होती.

श्रमाइतकाच महत्त्वाचा असतो तो विचारविनिमय. ब्राझील देशातील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत सभा भरू लागल्या आणि नगराच्या पैशातून कोणते काम आधी व्हावे, हे रहिवासी सांगू लागले. पुणे महानगरपालिकेनेही २००६ पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास प्रारंभ केला. १९९३ साली अंमलात आलेल्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरवल्या. उदगीरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाखाहून थोडी अधिक होती. म्हणून अशा गावात लोकांनी आपण होऊन एकत्र येण्याचे महत्त्व अधिकच आहे.

मात्र लोकांचा सहभाग म्हणजे नगरपरिषदेला कर्तव्यातून मिळालेली सुटी नव्हे. ज्या वस्तीत पोट हातावर आहे, तेथील लोक वर्गणी देऊ शकणार नाहीत. म्हणून त्यांच्या गल्लीत दिवा लागू नये, हा न्याय नव्हे. तसेच सभेत मोठ्याने बोलणाऱ्याचेच काम आधी होऊ नये. नळावर तासन् तास उभ्या राहणाऱ्या बाईला पाण्याचे दुःख सर्वांत अधिक ठाऊक असते. तिचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

किल्ल्याचे तट एका राजाच्या आज्ञेने उभे राहिले, पण गावाचे आरोग्य कोणा एकाच्या आज्ञेने राहत नाही. ते हजारो हातांनी राखावे लागते. आपल्या पूर्वजांनी म्हणूनच म्हटले आहे : गाव करी ते राव ना करी.

शब्दार्थ
बारव – पायऱ्यांची मोठी विहीर. पोहरा – आडातून पाणी काढण्याचे भांडे. वाघीण – रेल्वेच्या मालगाडीचा डबा. अंदाजपत्रक – जमाखर्चाचा आगाऊ आराखडा.

स्वाध्याय
१. नगरपरिषदेची कोणती कर्तव्ये या पाठात सांगितली आहेत?
२. बारव एकदा उपसून काम का संपत नाही?
३. ‘आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण येथे कोणत्या अर्थाने आली आहे?
४. आपल्या गल्लीतील एक अडचण निवडा. तीत रहिवाशांनी काय करावे व नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने काय करावे, हे दहा ओळींत लिहा.