कडाक्याच्या थंडीत स्ट्रॉबेरीच्या फुलोऱ्याची निगा

स्ट्रॉबेरी हे मूळचे थंड प्रदेशातील पीक होय. तेव्हा त्यास थंडीचे भय कसले, असा प्रश्न देशावरील शेतकऱ्यास पडणे साहजिक आहे. या पिकाच्या रानटी जाती हिमालयाच्या उतारांवर आजही आढळतात. तेथे हिवाळा लागताच झाडाची वाढ थांबते, जुनी पाने भुईसपाट होतात आणि त्यांवर बर्फाचा जाड थर साचतो. बाहेरील हवा कितीही गारठली, तरी या थराखाली जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकून राहते. बर्फ हेच त्या झाडाचे पांघरूण असते. वसंतात बर्फ वितळले म्हणजे झाड जागे होते आणि मगच फुलते.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्थिती वेगळी आहे. सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरी बर्फ पडत नाही आणि स्ट्रॉबेरीचे झाड झोपतही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली रोपे हिवाळ्याच्या आरंभी फुलू लागतात. त्यानंतर मार्च-एप्रिलपर्यंत फुले, हिरवी फळे व पिकलेली फळे एकाच झाडावर एकाच वेळी नांदत असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट येते, ती या जाग्या आणि फुललेल्या झाडावर. रोपाच्या ज्या आखूड खोडातून पाने फुटतात, तो गाभा येथील थंडीने सहसा मरत नाही. मरते ते फूल.

मिटलेली घट्ट कळी शून्याखाली 5 अंश सेल्सियसपर्यंतची थंडी बहुधा सोसते. लहान हिरवे फळ शून्याखाली 2 अंशांपर्यंत तग धरते. पूर्ण उमललेले फूल मात्र शून्याखाली 1 अंशावरच दगावू लागते. हे तापमान प्रत्यक्ष फुलापाशी मोजलेले असावे लागते. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा वेधशाळेतील पेटीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजलेला असतो. निरभ्र व निवांत रात्री जमीन व पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकीत राहतात. त्यामुळे वाफ्यावरील हवा छातीच्या उंचीवरील हवेपेक्षा 3 ते 5 अंशांनी अधिक थंड होऊ शकते. गावात पारा 4 अंशांवर असताना वेण्णा तलावाच्या परिसरात दहिवर गोठून पांढरी चादर पसरते, त्याचे कारण हेच. पर्यटकांस त्या दृश्याचे कौतुक वाटते. ज्याचा मळा तेथे आहे, त्याची रात्र मात्र जागून जाते.

थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उताराने वाहते व सखल जागी साचते. म्हणून एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांपैकी वरचा सुखरूप राहतो आणि ओढ्याकाठचा होरपळतो. उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण किंवा गवताच्या गंजी असल्यास थंड हवा तेथे अडून वाफ्यांवर तुंबते. अशा कुंपणास खालच्या अंगाने मोकळी वाट ठेवावी. नवी लागवड करताना जागेची ही पारख प्रथम करावी. पुढील सर्व उपाय त्यानंतरचे होत.

धोक्याची रात्र आधी ओळखता येते. लाटेच्या पहिल्या दिवशी बोचरा वारा सुटतो. माणसास थंडी अधिक वाजते, परंतु वारा हवा ढवळीत असल्याने फुलास तितकेसे भय नसते. दुसऱ्या-तिसऱ्या सायंकाळी वारा पडला, आकाश स्वच्छ राहिले व हवा कोरडी असली, म्हणजे सावध व्हावे. हवेत दमटपणा असेल तर रात्री लवकर दव पडते आणि दव पडताना सुटणाऱ्या उष्णतेमुळे पारा सावकाश उतरतो. कोरड्या हवेत हा आधार नसतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन साधे तापमापक बाळगावेत. एक छातीच्या उंचीवर टांगावा व दुसरा सर्वांत सखल वाफ्यावर, फुलांच्या उंचीला, उघड्यावर ठेवावा. दोहोंतील अंतर चार-दोन रात्री लिहून ठेवले, की वर्तमानपत्रातील आकड्यावरून आपल्या वाफ्यावरील अंदाज बांधता येतो. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते. पहाटे तीन वाजता निश्चिंत होऊन घरी परतणे योग्य नव्हे.

पूर्वतयारीत पहिला उपाय पाण्याचा. कोरडी, भुसभुशीत जमीन दिवसाची उष्णता साठवू शकत नाही. ओली व दबलेली जमीन ती साठविते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून धोक्याच्या रात्रीपूर्वी, दुपारच्या आतच ठिबकाने पाणी द्यावे, म्हणजे उन्हाचा लाभ ओल्या जमिनीस मिळतो. सूर्यास्तानंतर घाईने सोडलेल्या पाण्याचा उपयोग त्यामानाने कमी. गादीवाफ्यात पाणी साचून राहील इतके मात्र देऊ नये. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात आणि ते नुकसान थंडीच्या नुकसानीहून मोठे ठरते.

गवताविषयी एक गैरसमज आढळतो. वाफ्यांमध्ये पसरलेले सुके गवत रोपांस ऊब देते, असे मानले जाते. वस्तुतः ते जमिनीची ऊब जमिनीतच कोंडून ठेवते आणि गवताच्या वर असलेली फुले अधिकच गारठतात. तेच गवत सायंकाळी उचलून फुलांवर विरळ पसरावे व सकाळी काढावे. मग ते खरे पांघरूण होते.

मोठ्या क्षेत्रास न विणलेल्या पांढऱ्या कापडाचे आच्छादन सोयीचे पडते. ते बांबूच्या किंवा तारेच्या कमानींवर ताणावे; कापड फुलास टेकले, तर टेकलेल्या जागीच फूल गोठते. कडा मातीने दाबाव्यात. ऊन पुरते कलण्यापूर्वी झाकल्यास जमिनीची ऊब आत राहते. अंधार पडल्यावर झाकणे म्हणजे रिकामी कणगी बंद करण्यासारखे आहे. साध्या पातळ प्लॅस्टिकच्या कागदातून जमिनीची उष्णता बरीचशी निसटून जाते, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. लहान वाफ्यांना गोणपाटही चालते. सकाळी दहिवर वितळताच आच्छादन काढावे. ते दिवसभर राहिल्यास मधमाशा फुलांपर्यंत पोहोचत नाहीत. परागीभवन अपुरे राहून फळे वेडीवाकडी निपजतात, आणि आत कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी बळावते.

तुषार सिंचनाने फुले वाचविता येतात, कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम पाण्यामागे ती सुमारे 80 कॅलरी असते. परंतु हा उपाय अर्ध्यावर सोडता येत नाही. फुलापाशी पारा शून्यावर येण्यापूर्वी तुषार सुरू करून, उन्हाने बर्फ आपोआप वितळेपर्यंत ते अखंड चालू ठेवावे लागतात. मध्येच वीज गेली किंवा विहीर आटली, तर ओल्या फुलांवरील पाण्याची वाफ होऊ लागते, तापमान आणखी उतरते आणि काहीच न करणाऱ्यापेक्षा अधिक हानी होते. विजेची व पाण्याची खात्री नसेल, त्याने या वाटेस न जाणे शहाणपणाचे.

शेकोट्यांचा प्रघात जुना आहे. धूर दाट झाला म्हणजे काम झाले, ही समजूत मात्र खरी नाही. जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता धुरातून बहुतांशी निसटतेच. जो लाभ होतो, तो जाळाच्या उष्णतेचा व हवा ढवळली जाण्याचा. म्हणून एका मोठ्या आगटीपेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. ओला पाला जाळून केलेल्या धुराने शेजारपाजारच्यांचे डोळे तेवढे चुरचुरतात.

दहिवर पडून गेल्यावर सकाळी शेत हिरवे दिसते, पाकळ्याही पांढऱ्या शुभ्र दिसतात. त्यावरून समाधान मानू नये. दुपारपर्यंत थांबून फुलाच्या मध्यभागी पाहावे. पुढे ज्याचे फळ होते, तो पिवळसर उंचवटा काळा पडला असेल, तर त्या फुलाचे फळ होणार नाही. उंचवट्याचा काही भागच काळा असेल, तर फळ धरते, पण वाकडे. वरच्या, मधल्या व सखल वाफ्यांतून प्रत्येकी वीस उमललेली फुले तपासावीत व काळी किती निघाली ते लिहावे. फुलापासून पिकलेले फळ हाती येण्यास साधारण एक महिना लागतो. म्हणजे आज वीसांत आठ फुले काळी निघाली, तर आजच्या तोड्यात काहीच फरक दिसणार नाही, परंतु महिन्याभराने त्या वाफ्यांचा तोडा त्याच प्रमाणात खाली येईल. त्या सुमारास मजूर, खोकी व गाडी यांचा बेत ज्याने आगाऊ केला असेल, त्यास ही मोजदाद फार उपयोगी पडते. व्यापाऱ्यास दिलेला शब्दही वेळीच दुरुस्त करता येतो.

मेलेली फुले झाडावर ठेवू नयेत. करडी बुरशी प्रथम अशा मृत पाकळ्यांवरच घर करते व तेथून शेजारच्या निरोगी फळात शिरते. ती खुडून शेताबाहेर पुरावीत. पिवळी व रोगट पाने काढावीत, परंतु सगळी पाने ओरबाडून झाड बोडके करू नये. पानांखाली दडलेली फुले उघड्या फुलांहून अधिक वाचतात. नुकसान भरून काढण्याच्या हेतूने युरियाची मात्रा लगेच वाढविण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्याने कोवळी पाने माजतात, फुले लांबणीवर पडतात आणि पुढच्या लाटेस ही कोवळी वाढ आधी बळी पडते. बुरशीनाशक वापरावयाचे असल्यास या पिकासाठी शिफारस असलेलेच, शिफारशीच्या प्रमाणात वापरावे, आणि फवारणी व तोडा यांमधील सांगितलेले दिवस काटेकोरपणे पाळावेत. हे फळ न सोलता, न शिजविता खाल्ले जाते व बहुधा लहान मुले ते खातात.

गाभा शाबूत असल्यास झाड पुन्हा फुलांचे दांडे काढते. तोपर्यंत पाणी बेताचे ठेवून रोज सकाळी सखल वाफ्यांवरून एक फेरी मारावी आणि रात्रीचा पारा वहीत टिपावा.