इंटर्न येण्याआधी काम ठरवा

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप द्यायची आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : आधी काम ठरवा, मग महाविद्यालयाकडे जा. अनेक ठिकाणी उलटे होते आणि मुले महिनाभर फायली लावत बसतात. तुमच्याकडे रिजेक्ट मालाची नोंदवही असेलच. ती संख्याशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीकडे सोपवा. कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, कशामुळे माल बाद झाला, हे तिने एक्सेलमध्ये मांडावे आणि शेवटी सुपरवायझरला समजावून सांगावे. तिचे शिक्षण होईल आणि तुमचे नुकसान कुठे होते तेही कळेल.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत इंटर्नशिपचे एक क्रेडिट ३० तासांचे असते, म्हणजे चार क्रेडिटना १२० तास. परीक्षा टाळून तारखा प्राध्यापकांशी बोलून ठरवा. सामंजस्य करारात हजेरी, मूल्यमापन आणि अपघात विमा कोणाकडे, हे स्पष्ट लिहून घ्या. मशीनजवळ जाण्याआधी सेफ्टी शूज, गॉगल द्या.

मार्गदर्शक एकच नेमा आणि त्याचे रोजचे काम तेवढे हलके करा. हे बहुतेक मालक विसरतात.

विद्यावेतन जरूर द्या. निफाडहून एसटीने येणाऱ्या मुलाने भाडे आणि जेवण पदरचे घालून तुमचे काम करणे मला तरी पटत नाही.

ॲप्रेंटिसशिप मात्र वेगळी. ती १९६१च्या कायद्याखाली येते, करार नोंदवावा लागतो आणि विद्यावेतन बंधनकारक असते.