जपानी घरात एक शालेय वर्ष : खर्च किती, आणि कुणाचा?

शालेय विनिमयावर आलेल्या विद्यार्थ्याकडून जपानमधलं यजमान कुटुंब राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही. एएफएस ही विनिमय संस्था असो की रोटरी, ही घरं स्वेच्छेने पुढे आलेली असतात. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात कुणी एजंट दहावी-बारावीच्या मुलासाठी ‘होमस्टेचा दर’ सांगू लागला, तर तिथेच थांबा. पैसे घेऊन खोली आणि दोन वेळचं जेवण देणारी घरं जपानमध्ये आहेत, महिन्याला साधारण ८० हजार ते १ लाख येन घेतात. पण ती भाषाशाळेत स्वखर्चाने जाणाऱ्यांसाठी. पुढचा सगळा हिशेब एक येन म्हणजे ६० पैसे धरून केला आहे. दर रोज हलतो, म्हणून हात थोडा सैल ठेवा.

शाळकरी मुलांसाठी मुख्य वाटा दोन. जपान सरकारच्या पैशावर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘एशिया काकेहाशी’ ही योजना एएफएस चालवते. निवड झाली तर विमानभाडं, विमा आणि शाळेचा मोठा खर्च शिष्यवृत्तीतून भागतो. यंदाची निवड आणि अटी एएफएस इंडियाकडून शाळेमार्फत विचारून घ्या. दुसरी वाट रोटरी युथ एक्स्चेंजची, वयोमर्यादा १५ ते १९. आपल्या तिन्ही शहरांतले क्लब डिस्ट्रिक्ट ३१४२ मध्ये येतात. इथे शाळा, घर आणि थोडा हातखर्च यजमान क्लब पाहतो. विमान, विमा, पासपोर्ट, व्हिसा आपल्याकडे. वर्षभरात घरं दोन-तीनदा बदलतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

आता आकडे. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. व्हिसाची सरकारी फी भारतीयांना आजवर काही शे रुपयेच पडत आली आहे, वर अर्जकेंद्राचं सेवाशुल्क. मात्र जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र येईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही, आणि ते यजमान शाळा किंवा संस्था काढते. ते हातात येण्याआधी तिकीट काढू नका. मुंबई–टोकियो जाऊन-येऊन ६० ते ९० हजार धरा. थंडीचे कपडे आणि बूट १५ ते २० हजार. सिमकार्ड महिन्याला १ ते ३ हजार येन. हातखर्च महिन्याला १५ ते २० हजार येन, म्हणजे ९ ते १२ हजार रुपये. मित्रांबरोबर बाहेरचं खाणं, वह्या-पेनं यांतच तो जातो. दहा महिन्यांचं धरलं तर शिष्यवृत्ती असूनही घरचे दीड ते दोन लाख लागतात. रोटरीत विमान, विमा आणि डिस्ट्रिक्टची फी मिळवून अडीच ते साडेतीन लाखांची तयारी ठेवावी.

यात दोन जागा नेहमी निसटतात. एक, गणवेश आणि शाळेचा रेल्वेपास. काही शाळा गणवेश वापरायला देतात. नवा घ्यावा लागला तर ३०-४० हजार येन सहज जातात. कोण काय भरणार, हे निघण्याआधी लेखी मागून घ्या. दुसरी, इथलं अकरावी-बारावीचं वर्ष. परत आल्यावर त्याच वर्गात बसायचं की पुढच्या, हे कॉलेजच्या प्राचार्यांकडून कागदावर घ्या. एक वर्ष पुन्हा करावं लागणं हाही खर्चच आहे.

पैसा हात राखून वापरायचा असेल तर कपड्यांवर राखा, भाषेवर नको. प्राथमिक पातळीच्या क्लासला १५ ते २५ हजार जातील. जपानी भाषेची एन-फाइव्ह पातळीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. यजमान आईशी जेवणाबद्दल दोन वाक्यं बोलता आली, तर पहिला महिना निम्मा सोपा होतो.

जेवणाचं विशेष सांगायला हवं, कारण आपल्याकडे मराठी आणि सिंधी दोन्ही घरांत शाकाहारी मुलं पुष्कळ आहेत. जपानी स्वयंपाकातलं सार, मिसोचं सूप, भाज्यांचा रस्सा, बहुतेक ‘दाशी’वर होतं, आणि ती वाळवलेल्या बोनितो माशाची असते. वाटीत मासा दिसत नाही, तरी असतो. समुद्री शेवाळाची, कोंबूची दाशीही मिळते. अर्जातच स्पष्ट लिहा की मासा चालतो, दाशी चालते, की काहीच नाही. कडक शाकाहाराने यजमान घरं कमी मिळतात, म्हणून लपवाछपवी नको आणि ऐन वेळचा हट्टही नको.

सामानात ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका. वनस्पतींना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. म्हणजे बदलापूरची जांभळं घरीच. मांसाचा कुठलाही पदार्थ नको. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह महिन्याभराचीच. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे तिथे बेकायदा आहे. विजेचा दाब १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइलचा चार्जर अॅडॉप्टरवर चालेल, मिक्सर नाही.

भेटवस्तूंना ५ ते ७ हजार पुरतात. महागडं काही देऊ नका, यजमान अवघडतात. उल्हासनगरच्या जपानी मार्केटमधून सुती ओढण्या, अंबरनाथच्या शिवमंदिराचं चांगलं छापलेलं चित्र, एवढं छान. मंदिरातला शिलालेख १०६० सालचा आहे हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

घरात पाळायचं एक मात्र पाठच करावं. न्हाणीघरात टबाबाहेर साबण लावून, पूर्ण धुऊन मगच गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी नंतर घरातली सगळी माणसं वापरतात. बूच काढायचं नाही. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या मुलांना याचं महत्त्व चटकन पटेल. मुक्काम ठरल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. यजमान सोबत येतात, फक्त विमानतळावर मिळालेलं रहिवासी कार्ड जवळ हवं. राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव असेल तर दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के वाटा आपला.

रोटरीत उलटी बाजूही येते : आपल्या घरी परदेशी मुलगा किंवा मुलगी काही महिने राहू शकते. वेगळी खोली सक्तीची नाही, स्वतंत्र पलंग हवा. जेवण आपलं, वेळ आपला. पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची नोंद (पूर्वीचा ‘सी’ फॉर्म) ऑनलाइन करावी लागते; सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधी कळवा आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती हाताशी ठेवा.