पॅट्रिक सांग : धावपटू आणि प्रशिक्षक

बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तेव्हा ‘स्टीपलचेस’ हा शब्द आपल्याकडे अनेकांनी प्रथमच ऐकला. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. अडथळा सुमारे तीन फूट उंच, भक्कम लाकडाचा; पाय लागला तर तो पडत नाही, पडतो तो धावणारा. या शर्यतीवर अनेक दशके केनियाचे वर्चस्व होते. तेथील एका धावपटूचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पॅट्रिक सांग यांचा जन्म १९६४ चा. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९९१ ची टोकियोतील जागतिक स्पर्धा, १९९२ चे बार्सिलोना ऑलिंपिक आणि १९९३ ची स्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धा, या तिन्ही ठिकाणी ते दुसरे आले. ऑलिंपिक वा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक कधीच लाभले नाही.

निवृत्तीनंतर ते गावाकडे परतले. एके दिवशी एका तरुणाने त्यांच्याकडे सरावाचे वेळापत्रक मागितले. सांग यांनी दोन आठवड्यांचे सांगितले. ते पुरे करून मुलगा पुन्हा आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. असे काही महिने चालल्यावर त्यांनी त्याचे नाव विचारले. तो एलियुड किपचोगे; सांग यांना बालवाडीत शिकविणाऱ्या बाईंचा मुलगा! नाव-गाव न विचारता शिकविण्याची ही रीत आम्हांला त्यांच्या सर्व पदकांहून मोलाची वाटते.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी किपचोगे यांची निवड झाली नाही. पुढच्याच वर्षी गुरुशिष्य मॅरेथॉनकडे वळले. २०१६ मध्ये रिओत सुवर्ण, टोकियो ऑलिंपिकमध्ये पुन्हा सुवर्ण. २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद. (वेग राखून देणारे सहकारी आळीपाळीने येत असल्याने ही वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही.)

सुमारे २,४०० मीटर उंचीवरील काप्तागात येथे त्यांचे निवासी शिबिर चालते. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना तेथील दिनक्रम ओळखीचा वाटेल. पहाटे उठणे, एकत्र जेवण, झाडलोट पाळीपाळीने. शौचालय धुण्याच्या पाळीतून विश्वविक्रमवीरही सुटत नाही. मातृत्वानंतर मैदानात परतलेल्या फेथ किप्येगॉन याही सांग यांच्याच मार्गदर्शनाखाली धावल्या आणि टोकियो व पॅरिस येथे १,५०० मीटरचे सुवर्ण घेऊन आल्या.