सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि शिवारातील हिरवी जमीन

गावाची वस्ती वाढली की पाण्याचा वापर वाढतो आणि वापरलेले पाणी कोठे न्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी शुद्धीकरण केंद्र हवे, याबद्दल सहसा मतभेद नसतो. मतभेद होतो तो जागेबद्दल. विकास आराखड्यात शेतीसाठी व झाडोऱ्यासाठी जी जमीन राखून ठेवलेली असते, तीस हरित पट्टा म्हणतात. ही जमीन मोकळी असते व गावठाणालगतच्या जमिनीपेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे केंद्रासाठी प्रथम तिच्याकडेच बोट दाखविले जाते आणि भोवतालचे शेतकरी विरोधास उभे राहतात. फुलंब्रीसारख्या वाढत्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आज ना उद्या येणारच. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी तो आधीच समजून घेणे इष्ट आहे.

विरोध का होतो?

हा विरोध अज्ञानातून होतो, असे समजणे चुकीचे आहे. तो बहुधा अनुभवातून होतो. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगाव येथे टाकला जात होता. विहिरींचे पाणी बिघडले, माश्या व मोकाट कुत्री यांचा उपद्रव वाढला, अशी नारेगाव-मांडकी परिसरातील ग्रामस्थांची तक्रार होती. मुदती दिल्या गेल्या, पण कचरा येतच राहिला. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. शहरात कचऱ्याचे ढीग साचले. दुसरी जागा शोधावी, तर तेथील लोकही विरोधास उभे राहू लागले. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे या कारणावरून संघर्ष होऊन नागरिक व पोलीस जखमी झाले.

कचरा डेपो व सांडपाणी केंद्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु धडा एकच आहे. जुन्या जागेचा कारभार हाच नव्या जागेचा जामीन असतो. जुना कारभार वाईट असेल, तर नव्या आश्वासनावर कोणीही विश्वास ठेवीत नाही.

केंद्रात काय घडते?

सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते. घाण थोडी असते, पण तीच रोग पसरविते. केंद्रात प्रथम जाळीने चिंध्या व प्लॅस्टिक अडवितात, नंतर वाळू व जड गाळ खाली बसवितात. पुढील टाकीत हवा खेळवून सूक्ष्म जंतू वाढवितात. हे जंतू पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. नंतर गाळ निवळवून पाण्यात क्लोरीन मिसळतात. शेणखत कुजण्याचे काम जसे जंतू करतात, तसेच हे काम आहे.

यातील मर्म असे की, हे जंतू जिवंत राहिले तरच केंद्र चालते. वीज दीर्घकाळ गेली की हवा बंद पडते, जंतू मरू लागतात आणि घाण पाणी जसेच्या तसे नाल्यात जाते. गाळ वेळेवर उचलला नाही, तर दुर्गंधी सुटते. म्हणजेच लोकांना होणारा त्रास बहुतेक वेळा केंद्राच्या असण्यामुळे नव्हे, तर ते नीट न चालविल्यामुळे होतो.

पाण्याचा हिशोब

वीस हजार वस्तीच्या गावास माणशी दररोज १३५ लिटर पाणी दिले आणि त्यापैकी ८० टक्के सांडपाणी झाले, असे धरल्यास रोज सुमारे २१ लाख ६० हजार लिटर सांडपाणी निघते. पिकास ५ सेंटिमीटरची पाळी देण्यास एकरी सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे या पाण्यावर रोज सुमारे १० एकर, व दहा दिवसांच्या पाळीने सुमारे १०० एकर जमीन भिजू शकेल. अवर्षणप्रवण भागात ही थोडी गोष्ट नव्हे. उलट, केंद्र झालेच नाही तर हेच पाणी कच्चे राहून नाल्याने त्याच शिवारात उतरते. सबब, केंद्र नको म्हटल्याने घाण टळत नाही, हेही शेतकऱ्यांस समजावून सांगितले पाहिजे.

मात्र पाणी खरोखर शुद्ध झालेले हवे. पुण्याचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढवा येथून उचलून शेतीसाठी जुन्या कालव्यात सोडले जाते. तेथेही पाण्याच्या गुणवत्तेबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी झाल्या आहेत. कच्च्या सांडपाण्यावर पालेभाज्या, काकडी, मुळा यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी पिके घेऊ नयेत. आल्याचा कंद जमिनीतच वाढतो, म्हणून त्यासही असे पाणी देऊ नये. कपाशीस अशा पाण्यातून जादा नत्र मिळते. झाड माजते, बोंडे उशिरा लागतात व किडीचा उपद्रव वाढतो. काळ्या जमिनीत क्षार साठण्याचा धोका असतो, म्हणून दरवर्षी माती तपासून घ्यावी.

जागा पाहताना

आपल्या भागात मातीच्या थराखाली मुरूम व भेगाळ काळा पाषाण आहे. एकदा पाझर भेगेत शिरला की तो लांबच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून टाक्या व गाळाचे वाफे पक्क्या तळाचे असावेत. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्या दिवसांत केंद्राच्या पूर्वेस असलेल्या वस्तीस वास जाण्याचा संभव अधिक असतो. पुराची रेषा, विहिरींची अंतरे व पडीक शासकीय जमिनीची उपलब्धता या गोष्टी प्रथम पाहाव्यात.

केंद्र का हलविले जात आहे, हेही विचारावे. इंग्लंडमधील केंब्रिज शहराचे केंद्र चालू असतानाच, ती जागा घरबांधणीसाठी मोकळी व्हावी म्हणून ते हनी हिल या हरित पट्ट्यातील जागी नेण्याची योजना आखली गेली. भोवतालच्या खेड्यांनी कित्येक वर्षे विरोध केला. एप्रिल २०२५ मध्ये परवानगी मिळाली. परंतु खर्च वाढला, शासनाने वाढीव निधी दिला नाही आणि त्याच वर्षी योजना थांबली. जागेचा विचार प्रारंभीच लोकांबरोबर न केल्यास वेळ व पैसा कसा खर्ची पडतो, हे यावरून दिसते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

(१) काम सुरू होण्यापूर्वी भोवतालच्या विहिरींचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यावी. पूर्वीचा दाखला हाती नसेल, तर पुढे पाणी बिघडले हे सिद्ध करणे कठीण जाते.

(२) १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये आराखड्यात बदल करताना सूचना प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. ती मुदत चुकवू नये. हरकत गट क्रमांक, विहीर व पीक यांच्या नोंदीसह लेखी द्यावी.

(३) २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बहुपिकी बागायत जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे तत्त्व आहे. राज्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना सूट देता येते. तशी सूट दिली आहे काय, हे लेखी विचारावे.

(४) ग्रामसभेत केवळ 'नको' असा ठराव न करता अटी घालाव्यात : विजेची पर्यायी सोय, गाळाची विल्हेवाट, झाडांचा पट्टा, दर महिन्याच्या तपासणीचा फलक आणि शुद्ध पाण्यावर भोवतालच्या शेतकऱ्यांचा पहिला हक्क.

(५) शेतकऱ्यांना एखादे चालू केंद्र प्रत्यक्ष दाखवावे. शक्यतो पूर्वसूचना न देता.

विरोध करणारा शेतकरी विकासाचा वैरी नव्हे. त्याची विहीर एकदा बिघडली की ती त्याच्या हयातीत सुधारेल याची शाश्वती नसते. म्हणूनच तो आधी बोलतो. त्याच्या शंकेला तपासणीचे आकडे व लेखी अट यांनी उत्तर मिळाले, तर केंद्रही उभे राहील आणि शिवारही हिरवे राहील.