आधी दोरी, मग रंग

गेल्या वर्षी आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यातली एक जागा पाच-सहा महिने रिकामी होती. "आर-वन-फाइव्ह विकलीस काय रे?" हा प्रश्न मला मेसमध्ये, लायब्ररीत, एवढंच काय, खुद्द रेक्टर सरांनीही विचारला. मी दरवेळी हसून विषय बदलत होतो. खरं उत्तर आज लिहितो. त्यात थोडं मशीन डिझाइन आहे, थोडं मेट्रॉलॉजी आहे, आणि एका ज्युनिअरला मी जवळजवळ फसवणार होतो त्याची कबुलीही आहे.

पडलो कसा?

कोल्हापूरकरांचा नाद फक्त कुस्ती आणि फुटबॉलचा, असं बाहेरच्यांना वाटतं. पण आपल्याकडच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. शाळेत असताना तिथली एक शर्यत बघितली आणि हे खूळ डोक्यात शिरलं. पुढे इंटर्नशिपचे पैसे साठवून सेकंडहँड आर-वन-फाइव्ह घेतली, व्हर्जन टू. चौघांनी मिळून टेम्पो केला आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला दोन दिवसांच्या रायडिंग स्कूलला गेलो. हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणं १२.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर मी जास्त वेगात पोचलो आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला. चूक शंभर टक्के माझी. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी समजा. तो एकूण १ रुपया आहे, आणि ब्रेक व वळण यांनी तो वर्गमुळाच्या हिशोबाने वाटून घ्यायचा आहे. ब्रेकला ०.८ दिला, तर वळायला ०.६ उरतो. ब्रेकला ०.९५ दिला, तर वळायला जेमतेम ०.३१! त्यात कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की ती उभी राहू बघते. माझी गाडी तशीच उभी राहिली, सरळ मातीत गेली आणि टायरच्या भिंतीवर पुढच्या चाकाने आदळली. हेल्मेट आणि लेदर सूट होता म्हणून माझं फक्त मनगट मुरगळलं. गाडीच्या पुढच्या भागाचा मात्र पार इस्कोट झाला.

कबनूरचा वर्कशॉप

गाडी टेम्पोतून थेट घरी, कबनूरला नेली. ज्यांनी हे गाव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कबनूर इचलकरंजीला इतकं चिकटलेलं आहे, की गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं हे परक्याला कळत नाही. गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला, आणि त्या मागांच्या दुरुस्तीवर लेथ, वेल्डिंग, स्पेअर पार्टची एक वेगळीच दुनिया उभी राहिली. आमच्या घरीही चार माग आहेत, खर्चीवर चालतात. आप्पा ज्या मेस्त्रीमामांकडून मागाचे शाफ्ट करून घेतात, त्यांच्या शेडमध्ये गाडी उतरवली.

माझा प्लॅन तयार होता. शॉकअपच्या वाकलेल्या नळ्या हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करायच्या, डुप्लिकेट फेअरिंग बसवायची, रंग मारायचा आणि गाडी आपल्याच होस्टेलच्या सेकंड इयरच्या एका मुलाला ४५ हजारांना द्यायची. त्याच्याकडून ५ हजार ॲडव्हान्सही घेतला होता. "पडली होती रे, थोडे स्क्रॅच आहेत," एवढंच त्याला सांगितलं होतं.

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "रंग कसला मारतोस? आदी दोरी लाव."

पहिलं माप : दोरी

मागवाल्यांना दोरीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. पद्धत सोपी आहे. आधी मागचं चाक चेनच्या दोन्ही ॲडजस्टरवर सारख्या खुणेवर आणायचं. मग मागच्या टायरला मागून दोरीचा वेढा देऊन दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्याही पुढे ताणून धरायची. दोरी जमिनीपासून थोडी वर, मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांना टेकलेली हवी. माझा मागचा टायर १३० चा, पुढचा ९० चा. म्हणजे हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना (१३० − ९०) ÷ २ = २० मिलिमीटर फट दिसायला पाहिजे. टायरवर छापलेलं माप आणि खरी रुंदी यांत फरक असतो, म्हणून आकड्यापेक्षा दोन्हीकडची फट सारखी आहे का, हे महत्त्वाचं.

माझ्या गाडीला डावीकडे ३१, उजवीकडे ९!

मामांनी टीचे बोल्ट आणि ॲक्सल सैल केलं, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडलला पीळ दिला. बऱ्याच वेळा पडलेल्या गाडीत काही वाकलेलं नसतं, नळ्या फक्त टीमध्ये फिरलेल्या असतात, आणि एवढ्यावर काम भागतं. परत मोजलं : २४ आणि १६. सुधारलं, पण भागलं नाही.

दुसरं माप : नळ्या

नळ्या काढून दोन व्ही-ब्लॉकवर ठेवल्या आणि मधोमध डायल गेज लावला. इथे आपल्यातले पुष्कळ जण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चुकतात. नळी एक पूर्ण फेरी फिरवल्यावर काटा जितका हलतो, वाक त्याच्या निम्मा असतो. माझा काटा १.८ मिलिमीटर हलला, म्हणजे वाक ०.९. पुष्कळ गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ च्या आसपास असते.

"प्रेसवर सरळ होईल की मामा," मी म्हणालो.

"सरळ दिसंल. पण एकदा वाकलेली तार परत कुठं वाकती, बघितलंयस न्हवं?"

तेच आपण पुस्तकात वाचतो. थंड अवस्थेत वाकवून सरळ केलेल्या नळीत रेसिड्युअल स्ट्रेस राहतो, क्रोमच्या थराला सूक्ष्म चिरा पडतात, आणि त्याच चिरा पुढे ऑइलसील फाडतात. नळ्या नव्या आणल्या. कोनसेटही बदलला, कारण जुन्यात बॉलचे खड्डे पडले होते. हँडल मधोमध आल्यावर "टक्" करून अडकत असेल, तर समजा कोनसेट गेलाच.

तिसरं माप : मान

नव्या नळ्या घालून व्हीलबेस मोजला. मॅन्युअलमध्ये १३४५ मिलिमीटर. माझा ११ ने कमी. नळ्या नव्या, टी तपासलेली, मागचं चाक खुणेवर. मग ११ मिलिमीटर गेले कुठं?

इथे ट्रेल समजून घ्या. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायरच्या स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे टेकतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. त्याच्यामुळेच गाडी सरळ चालते. सूत्र असं :

ट्रेल = (चाकाची त्रिज्या × साइन कोन − ऑफसेट) ÷ कोसाइन कोन

उदाहरणादाखल त्रिज्या ३००, ऑफसेट ३५ आणि कोन २६ अंश धरला, तर ट्रेल सुमारे १०७ मिलिमीटर येते. कोन २४ अंश झाला, तर ९५. म्हणजे दर अंशाला सुमारे ६ मिलिमीटर ट्रेल जाते.

आता गंमत बघा. धडकेत नुसत्या नळ्या मागे वाकल्या, तर ऑफसेट कमी होतो आणि ट्रेल वाढते, हँडल जड होतं. पण चॅसीची मान मागे गेली, तर कोन कमी होतो आणि ट्रेल घटते, गाडी वेगात थरथरू लागते. दोन्ही एकदम झालं, तर एक चूक दुसरीला झाकते! म्हणून "चालवून बघितली, सरळ जाते" या वाक्यावर कधी विश्वास ठेवू नका. मानेपासून ॲक्सलपर्यंत साधारण ७०० मिलिमीटर धरले, तर १ अंशाला चाक सुमारे १२ मिलिमीटर मागे सरकतं. माझे ११ गेले होते. म्हणजे मान जवळजवळ एक अंश बसली होती.

लाल रेघ

शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या मित्राच्या भावाने डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणून दिले. मी ग्राइंडर उचलला, तर त्याने हातातून काढून घेतला. ग्राइंडरने धातू पसरतो आणि चिरेचं तोंड बुजतं. रंग केमिकलने काढायचा. मग लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायचं (क्लीनर थेट फवारायचा नाही, नाहीतर चिरेतला द्रवही निघून जातो), आणि वरून पांढरा डेव्हलपर.

दोन मिनिटांत मानेजवळच्या वेल्डिंगच्या कडेला केसासारखी लाल रेघ उमटली. दोन सेंटिमीटर. वेल्डिंगची कड म्हणजे आकार एकदम बदलणारी जागा, आणि शेजारचा धातू उष्णतेने बदललेला. स्ट्रेस तिथंच साठतो. ही चीर दर खड्ड्याला, दर ब्रेकला थोडी थोडी वाढत जाते आणि एक दिवस काही न सांगता संपते. माझ्या प्लॅनप्रमाणे तिच्यावर निळा मेटॅलिक रंग येणार होता.

"वेल्डिंग मारू या?" मी हळूच विचारलं.

मामा म्हणाले, "मागाची फ्रेम असती तर आत्ता मारून दिलं असतं. ती तुटली तर कापड थांबतंय. हितं वर माणूस बसणार हाय."

रात्री जेवताना आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं, खर्चावरून बोलणी खावी लागणार. ते एवढंच म्हणाले, "पैशाचं बघू. त्या पोराला सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. त्या रात्री फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, मग मला नको." दुसऱ्या दिवशी ५ हजार परत केले.

बदललं काय, बदललं नाही काय

भंगारातली चॅसी स्वस्तात मिळत होती. पण चॅसीवरचा नंबर हीच गाडीची ओळख, त्यामुळे तो मोह टाळला. कंपनीच्या डीलरमार्फत नवी चॅसी मागवली, आरटीओचं कागदपत्रांचं काम रीतसर केलं. म्हणून पाच-सहा महिने गेले. मॉडिफिकेशनची हौस मात्र भागवली, ती अशी :

१) स्लायडर : मागाच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नायलॉनचा जाड रॉड आणला आणि मामांच्या लेथवर स्वतः टर्निंग केलं. लांबी मुद्दाम कमी ठेवली. स्लायडर जितका लांब, तितका बोल्टवर बेंडिंग मोमेंट जास्त, आणि मग फेअरिंग वाचते पण इंजिनचं माउंटिंग तुटतं.

२) पुढचं स्प्रॉकेट एक दाताने लहान : १५ चा १४ केला की ओढ सुमारे ७ टक्के वाढते. टॉप स्पीड आणि मायलेज त्या हिशोबात कमी, हेही लक्षात ठेवा.

३) नळ्या टीतून वर काढून पुढून गाडी खाली करण्याची फॅशन : १० मिलिमीटरला कोन सुमारे ०.४ अंश घटतो, ट्रेल अडीच मिलिमीटर जाते. मी केलं नाही.

४) फ्री-फ्लो सायलेन्सर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोंनी १९२० सालच्या इंडियन स्काउट गाडीचे पिस्टन घरी ओतून १९६७ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्यांच्या शेडमध्ये तुटलेल्या पार्टचा एक खास रॅक होता. माझ्या टेबलावरची वाकडी नळी बघून रूममेट "भंगारात दे" म्हणतो. नाही देणार. ती माझी जर्नल आहे.

आणि तो ज्युनिअर? त्याने दुसरीकडे एक गाडी बघितली. पैसे द्यायच्या आधी ती घेऊन माझ्या रूमखाली आला आणि म्हणाला, "दादा, दोरी आहे का?" मोजलं, तर एका बाजूला ८ मिलिमीटर फरक. त्याचा चेहरा उतरला. पण बघितलं, तर चेनचे ॲडजस्टर दोन्हीकडे वेगळ्या खुणेवर होते. दहा मिनिटांत गाडी सरळ! गाडी त्याने घेतली. आता ती पार्किंगमध्ये माझ्या शेजारीच लागते.

दोरी माझ्या कपाटात आहे, डायल गेज वर्कशॉपमधून सरांना विचारून मिळतो. सेकंडहँड गाडी घेणार असाल किंवा पडून आला असाल, तर या. चहा तुमचा.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)