मोडेम आपोआप डायल का करतो?

प्रश्न : वरूडला घरी दोन संगणक केबलने जोडले आहेत, मोडेम एकालाच आहे. कोणी हात न लावता तो रात्री फोन लावतो. हा व्हायरस असेल का?

उत्तर : आधी डायल होणारा क्रमांक पाहा. तो परदेशी असेल, तर संशय खरा. परदेशी क्रमांक गुपचूप लावणारे डायलर प्रोग्राम असतात. फोनची वायर लगेच काढा आणि आयएसडी लॉक करा. क्रमांक तुमच्या इंटरनेट सेवेचाच असेल, तर दोष बहुधा मांडणीचा. मोडेम स्वतः काही ठरवत नाही; एखादा प्रोग्राम बाहेरचा पत्ता मागतो आणि विंडोज त्यासाठी लाइन जोडते. विंडोज एक्सपी घड्याळ जुळवायलाही आठवड्यातून एकदा इंटरनेट शोधते. अशी मागणी म्हणजे व्हायरस नव्हे, त्यामुळे अँटिव्हायरसला त्यात काही सापडणार नाही. मागणारा दुसरा संगणकही असू शकतो, म्हणून एक रात्र मधली केबल काढून ठेवा. डायलिंग थांबले, तर मागणी पलीकडून येते. मग एक्सपीच्या इंटरनेट शेअरिंगमधली, दुसऱ्या संगणकासाठी आपोआप डायल करण्याची खूण काढा. थांबले नाही, तर ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ निवडा. दर वेळी हाताने जोडण्याचा त्रास होईल खरा, पण फोनचे मीटर कधी सुरू झाले हे तुम्हाला ठाऊक असेल.